पाण्यात वसलेल्या खेड्याला पाण्याचा मनोरा कशासाठी?

एक वाचक भगिनी मुलीकडे नेदरलँड्सला गेल्या होत्या. गीथॉर्न हे होड्यांचे प्रसिद्ध गाव पाहून परतताना सिंट यान्सक्लोस्टर या खेड्याजवळ त्यांना एक उंच मनोरा दिसला. तो पूर्वी पाण्याची टाकी होता आणि आता लोक वर चढून परिसर पाहतात, एवढे त्यांना तेथे समजले. त्यावरून त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. चहूकडे तळी आणि कालवे असलेल्या गावाला टाकीची गरज काय होती? इतकी भक्कम टाकी बंद का पडली? आणि टाकीला मोठमोठ्या खिडक्या कापल्यावर ती कमकुवत होत नाही का? माझा व्यवसाय पाणीपुरवठ्याच्या योजनांचा असल्यामुळे आणि उंच टाक्यांच्या आराखड्यांवर बरीच वर्षे घालवल्यामुळे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जरा सविस्तर देतो. तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून त्यावर अधिक लिहीन.

आधी एक शब्दाची गोष्ट. आपण अशा बांधकामाला जलकुंभ किंवा सरळ टाकी म्हणतो, म्हणजे आपल्या नावात भर भांड्यावर आहे. डच भाषेत त्याला ‘वाटरटोरन’ म्हणतात, म्हणजे पाण्याचा मनोरा. तेथे भर उंचीवर आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने डच नाव अधिक नेमके आहे, कारण पाणी नुसते साठवायचे असेल तर ते जमिनीवर किंवा जमिनीखाली कितीतरी स्वस्तात साठवता येते. शेकडो टन पाणी आकाशात उचलून धरण्याचा खटाटोप दाबासाठी केला जातो. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब मिळतो, ४० मीटर उंच असेल तर ४ किलोग्रॅम. टाकीत एक लाख लिटर पाणी आहे की दहा लाख, याच्याशी या दाबाचा काहीही संबंध नाही. हा साधा नियम विसरल्याने काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका योजनेत खर्च वाचवण्यासाठी टाकीची क्षमता तीच ठेवून स्टेजिंगची, म्हणजे टाकीखालच्या आधाराच्या सांगाड्याची, उंची तीन मीटरने कमी करण्यात आली होती. टाकी रोज काठोकाठ भरत असे आणि शेवटच्या वस्तीतील लोक मात्र नळाला पाणी चढत नाही म्हणून खड्डा खणून त्यात नळ उतरवत असत.

जेथे डोंगर असतो तेथे मनोऱ्याची गरज पडत नाही. मुंबईत मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली जलाशय आहे आणि त्याच्या उंचीवरून दक्षिण मुंबईला पाणी उतरते. तेथे टेकडीनेच मनोऱ्याचे काम केले आहे. नेदरलँड्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या आसपास किंवा तिच्याही खाली आहे. सिंट यान्सक्लोस्टर ज्या ओव्हरआयसल प्रांतात आहे त्याचा हा वायव्य कोपरा तर दलदलीचा आणि तळ्यांचा. फोलनहोवेच्या बाजूला हिमयुगातील हिमनदांनी ढकलून आणलेल्या चिकणमातीचा एक उंचवटा आहे आणि हे खेडे त्याच्याच अंगावर आहे, परंतु सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो उंचवटा म्हणून दाखवावा लागतो. त्यामुळे जी उंची निसर्गाने दिली नाही ती बांधून काढावी लागली. १९३२ साली बांधलेला, सुमारे ४५ मीटर उंचीचा, म्हणजे साधारण पंधरा मजली इमारतीएवढा हा मनोरा ही त्या अर्थाने एक कृत्रिम टेकडीच आहे.

आता पहिल्या प्रश्नाचा उरलेला भाग: आजूबाजूला इतके पाणी असताना नळयोजना हवीच कशाला? याचे कारण ते पाणी पिण्याजोगे नव्हते. हा सगळा प्रदेश पीट नावाच्या कुजट, काळ्या, वनस्पतिजन्य मातीचा आहे. तिच्यातून झिरपणारे पाणी चहासारखे तपकिरी होते आणि त्यात सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. ज्या कालव्यातून होडी जाई त्याच कालव्यात घरातले सांडपाणी जाई. पश्चिमेला काही किलोमीटरवर झाउडरझे हे खाऱ्या पाण्याचे आखात होते. लोक छपरावरचे पावसाचे पाणी हौदात धरून वापरत, आणि उन्हाळा कोरडा गेला की कालव्याकडे वळत. डच शहरांना या दुखण्याचा अनुभव आधीच आला होता. १८३२ पासून कॉलऱ्याच्या साथी वारंवार येत राहिल्या आणि ॲम्स्टरडॅमने १८५३ मध्ये समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून गाळलेले पाणी नळाने आणले. खेड्यांना मात्र वाट पाहावी लागली. विखुरलेल्या वस्तीपर्यंत नळ नेणे एखाद्या गावाच्या आवाक्यातले नव्हते. अनेक गावे एकत्र जोडणाऱ्या प्रादेशिक योजना विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, तेव्हाच असे मनोरे सपाट शेतांतून वर आले. ज्या वर्षी सिंट यान्सक्लोस्टरचा मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, २८ मे १९३२ रोजी, झाउडरझेचे तोंड आफ्स्लाउटडाइक या बांधाने बंद झाले आणि खारे आखात हळूहळू गोड्या पाण्याचे सरोवर बनू लागले. एका अर्थी समुद्र येथून हटत होता आणि नळ येत होता.

मनोरा दाब देतो, तसा तो आणखी एक काम करतो आणि ते समजले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. गावाची पाण्याची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी ती उसळते, दुपारी उतरते, संध्याकाळी पुन्हा वाढते आणि मध्यरात्री जवळजवळ शून्यावर येते. त्या काळचे पंप मात्र एकाच वेगाने चालत. त्यांना हवे तसे हळू किंवा जलद करता येत नसे. समजा पंप ताशी २० घनमीटर पाणी देतो आणि सकाळी तीन तास मागणी ताशी ४० घनमीटर आहे. या तीन तासांतील ६० घनमीटरची तूट मनोरा भरून काढतो आणि रात्री, गाव झोपलेले असताना, पंप ती परत भरतो. पंप एकाएकी बंद पडला किंवा कोणी झडप झटकन मिटली तर नळात जो हादरा बसतो, तोही मनोऱ्यातील मोकळी पाणीपातळी थोडी वरखाली होऊन पचवते. म्हणजे दाब, समतोल आणि हादरे झेलणे ही तिन्ही कामे एकही हलता भाग नसलेले हे बांधकाम मुकाट्याने करीत होते. जलकुंभ ही आमच्या व्यवसायातील सर्वांत बुद्धिमान वस्तू आहे असे मी नेहमी म्हणतो, आणि हे ऐकून विद्युत विभागातील माझे सहकारी नेहमी नाराज होतात.

नाराज होण्यास त्यांना जागा आहे, कारण शेवटी जिंकले तेच. मोटारीचा वेग मागणीनुसार क्षणोक्षणी बदलणारी विद्युत साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वासार्ह आणि परवडणारी झाली. नळातील दाब मोजायचा, तो उतरला की पंप जलद करायचा आणि चढला की हळू करायचा. साठा जमिनीलगतच्या बंदिस्त टाकीत ठेवायचा आणि वीज गेली तर डिझेल जनित्र चालू करायचे. अशी व्यवस्था झाली की मनोऱ्याची तिन्ही कामे संपतात. वीजपुरवठा भरवशाचा असलेल्या देशातच हा बदल सहज होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे उंच टाक्या अजून बांधल्या जातात त्यामागे एक मोठे कारण विजेचे आहे, आणि दुसरे असे की आपण बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच सोडतो. डच व्यवस्थेत आणखी एक बाब आहे. तेथे नळाचे पाणी क्लोरीन न घालता पुरवले जाते, त्यामुळे ते ताजे राहण्यासाठी वाटेत कमीत कमी थांबावे हे श्रेयस्कर. उन्हाने तापणाऱ्या आणि चढउतारासाठी झाकणे व झरोके ठेवलेल्या उंच टाकीत पाणी मुरत ठेवणे त्यांना हळूहळू नकोसे झाले असल्यास नवल नाही. देशभरचे मनोरे याप्रमाणे एकामागून एक निवृत्त झाले. काही पाडले गेले, काही राहती घरे झाली, काही कार्यालये. दीडशेहून अधिक आजही उभे आहेत.

काहींचा अंत मात्र त्याआधीच झाला होता. सपाट देशात जो उंच तो दूरवर पाहू शकतो, हे सैन्यालाही कळत होते. दुसऱ्या महायुद्धात कित्येक मनोरे टेहळणीसाठी वापरले गेले आणि म्हणूनच तोफांचे लक्ष्य झाले किंवा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून उडवले गेले. झांडफोर्ट या समुद्रकाठच्या गावाचा जुना मनोरा जर्मन सैन्याने १९४३ मध्ये उडवून दिला. आज तेथे दिसतो तो युद्धानंतर बांधलेला आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. टाकीच्या भिंतीला खिडक्या कापणे हे ऐकताच कोणत्याही टाकीवाल्या अभियंत्याच्या अंगावर काटा येईल, आणि पाणी भरलेल्या टाकीच्या बाबतीत तो यायलाच हवा. गोल टाकीतील पाणी भिंतीला बाहेर ढकलत असते आणि भिंत पिंपावरच्या लोखंडी पट्टीसारखी चहूबाजूंनी ताणली जाते. उदाहरणादाखल ४ मीटर त्रिज्येची आणि ५ मीटर खोलीची टाकी घेऊ. तिच्यात सुमारे अडीच लाख लिटर, म्हणजे २५० टन पाणी मावेल. तळाशी पाण्याचा दाब दर चौरस मीटरला ५ टन असेल आणि तेथील भिंतीच्या एक मीटर उंचीच्या पट्ट्यात ५ गुणिले ४, म्हणजे २० टन ओढ निर्माण होईल. ही ओढ भिंतीतील आडव्या गोल सळया घेतात. एक सळई जरी कापली तरी पट्टी तुटलेल्या पिंपाची अवस्था होईल. पाणी काढून टाकले की मात्र ही संपूर्ण ओढ नाहीशी होते. उरते ती भिंतीचे स्वतःचे वजन आणि वारा यांसाठी लागणारी ताकद, आणि त्या मानाने भिंत कितीतरी जास्त जाड असते. म्हणून रिकाम्या टाकीला, छिद्रांच्या कडा नीट मजबूत करून, मोठ्या खिडक्या पाडता येतात. भिंत आता पाण्याची राहिलेली नसून केवळ छप्पर धरणारी झालेली असते.

परंतु एक धोका कमी झाला की दुसऱ्याकडे पाहावे लागते, आणि येथे सामान्य समजूत उलटी पडते. भरलेली टाकी वाऱ्याने उलथण्यास कठीण असते, कारण पाण्याचे वजन मनोऱ्याला पायावर दाबून धरते. रिकामी टाकी वाऱ्यापुढे अधिक हलकी असते. म्हणूनच उंच टाकीची गणिते भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही अवस्थांसाठी करण्याचा दंडक आहे. भूकंपात याच्या उलट होते, माथ्यावरचे पाणी जितके जास्त तितका झोका मोठा. पण ओव्हरआयसलच्या या भागात वाऱ्याचीच चिंता अधिक आहे. १९३२ साली ज्यांनी हा मनोरा आखला त्यांना तो रिकामा असताना वादळात उभा राहील हे दाखवावेच लागले असणार, कारण धुण्यासाठी टाकी अधूनमधून रिकामी करावीच लागते. म्हणजे नव्या वापराची परवानगी जुन्या गणितातच दडलेली होती.

जिन्याचा प्रश्न वेगळा. पाणीपुरवठ्याच्या मनोऱ्यात वर जाणारा माणूस वर्षातून मोजक्या वेळा जाई आणि त्याला लोखंडी शिडी पुरे. पर्यटकांना तशी शिडी चालत नाही. उट्रेख्तच्या झेक या वास्तुरचनाकार संस्थेने २०१४ मध्ये पूर्ण केलेल्या रूपांतरात जुने काँक्रीट आणि पोलाद झाकून न टाकता त्यांच्या सोबतीने लाकडाचा नवा जिना उभा केला. वर चढणारा माणूस मनोऱ्याच्या पोकळीतून आणि पाण्याच्या जागेतून जातो आणि माथ्यावरच्या चार मोठ्या खिडक्यांपाशी पोहोचतो. माझ्या मते या कामातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच आहे. मनोऱ्याचे घर करायचे म्हटले की आतील पोकळी मजल्यांनी भरावी लागते, आणि मग ते एक अडचणीचे, फार जिने असलेले घर होते. मनोरा फक्त बाहेरून मनोरा राहतो. याच संस्थेने सूस्ट येथील मनोऱ्याचे घर केले आहे आणि ते कौशल्याने केलेले आहे, तरीही निवड करायची तर मी सिंट यान्सक्लोस्टरच्या बाजूने कौल देईन. येथे पाणी गेले, पण ज्या उंचीसाठी एवढा खर्च केला होता ती उंचीच पुन्हा कामाला लावली.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्याकडचे स्थापत्य अभियंते हे वाचत असतील तर त्यांना आपली जुनी ओळख आठवेल. आपल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीटच्या पेपरसाठी ‘इंट्झे टाकी’ घोकून घेतात. हे नाव ओटो इंट्झे या जर्मन प्राध्यापकांचे. ते आखेन येथे शिकवत आणि आखेन हे शहर नेदरलँड्सच्या अगदी सीमेवर आहे. १८८० च्या दशकात त्यांनी अशी टाकी सुचवली की जिच्या तळाचा मधला भाग वर फुगलेला घुमट असतो आणि कडेचा भाग उतरत्या शंकूसारखा असतो. घुमट आधाराच्या कड्याला बाहेर ढकलतो आणि शंकू आत ढकलतो; मापे नीट निवडली तर दोन्ही रेटे एकमेकांना खातात आणि कड्यावर फक्त सरळ खाली जाणारे वजन उरते. त्यामुळे टाकी रुंद आणि आधार अरुंद ठेवता येतो, आणि खालच्या बांधकामावर पैसा वाचतो. नेदरलँड्समध्ये अशा टाक्यांचे कित्येक मनोरे उभे राहिले. आपल्याकडे आय.एस. ३३७० हे काँक्रीटच्या जलधारक बांधकामांचे मानक आणि आय.एस. ११६८२ हे स्टेजिंगचे मानक हाताशी घेऊन आपण तीच आकृती वर्षानुवर्षे काढत आलो. विद्यार्थ्यांना मात्र इंट्झे हे एका माणसाचे नाव आहे हे क्वचितच सांगितले जाते.

डच आणि आपल्या टाक्यांमध्ये डोळ्यांना पहिला फरक दिसतो तो खांबांचा. आपल्या टाकीखाली खांब आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या तुळया (ब्रेसिंग) उघड्या असतात, त्यांतून आरपार दिसते. तेथे बहुतेक जुन्या मनोऱ्यांभोवती भिंत असते. तिचे मोठे कारण थंडीचे आहे: उघड्यावरचे नळ आणि टाकी गोठली तर नळ फुटतात, म्हणून पाण्याभोवती आवरण आणि मध्ये हवेचा थर ठेवणे शहाणपणाचे ठरते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. सपाट मुलखात चर्चच्या मनोऱ्याशी बरोबरी करणारी ही एकच वस्तू, ती ओबडधोबड कशी ठेवायची? वेस्टआइंडर तळ्याकाठी असलेल्या आल्समेअर या फुलांच्या गावातील १९२८ चा, हेंड्रिक सांगस्टर यांनी रचलेला सुमारे ५० मीटरचा मनोरा पाहिला तर पाणी कंपनीने किती हौसेने पैसा घातला ते कळते. तो आर्ट डेको शैलीत आहे आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या इमारती आवडणाऱ्याला त्याची भाषा परकी वाटणार नाही.

सिंट यान्सक्लोस्टरच्या मनोऱ्याला नवे आयुष्य देण्याच्या कामी नाटूरमोन्युमेंटेन ही निसर्गरक्षक संस्था पुढे आली, ही बाबही अर्थपूर्ण आहे. १९०५ मध्ये ही संस्था जन्माला आली ती ॲम्स्टरडॅमच्या कचऱ्याने नार्डरमेअर हे तळे बुजवण्याचा बेत हाणून पाडण्यासाठी. तिच्या ताब्यातील डे वीडेन हा जलप्रदेश मनोऱ्याच्या पायथ्यापासून पसरलेला आहे आणि तो २००९ पासून वेरिब्बेन-वीडेन राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सपाट प्रदेशाची अडचण अशी की होडीत बसून तो कळत नाही. दोन्ही बाजूंना बोरूची भिंत आणि वर आकाश, एवढेच दिसते. त्यामुळे अशा प्रदेशाची राखण करणाऱ्या संस्थेला आयती ४५ मीटर उंची मिळणे म्हणजे काय, हे वर गेल्यावरच कळते.

पुढच्या खेपेस आपण मुलीकडे गेलात आणि गुडघे साथ देत असतील, तर जरूर चढा, मात्र मनोरा त्या दिवशी उघडा आहे का ते आधी चौकशी करून घ्या आणि धुक्याचा दिवस टाळा. वर गेल्यावर पूर्वेकडे आणि उत्तरेकडे पाण्याचे लांबट चौकोन आणि त्यांच्यामधल्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या दिसतील. ते शतकानुशतके जळणासाठी पीट खणून काढल्याचे वण आहेत: पाण्याच्या जागी पीट काढले आणि पट्ट्यांवर ते वाळत घातले. लोभाने पट्ट्या फार अरुंद ठेवल्या की वादळी लाटा त्या खाऊन टाकत आणि चौकोन मिळून मोठे तळे होई. ब्यॉलाकर वाइडे हे विस्तीर्ण तळे असेच पसरले. तेथे पूर्वी ब्यॉलाके नावाचे गाव होते आणि १७७६ च्या वादळी पुराने ते गिळले. कापलेल्या बोरूच्या पेंढ्या दिसल्या तर त्या घरे शाकारण्यासाठी आहेत. याच पाण्यात २००२ पासून पाणमांजरे पुन्हा सोडण्यात आली, ती मात्र आपल्याला वरून दिसणार नाहीत. पश्चिमेची खिडकी शेवटी पाहा. तिकडे सरळ रेषांत आखलेली शेते आहेत, ती नोर्डओस्टपोल्डरची. मनोरा बांधला त्या वर्षी तेथे पाणी होते, आणि १९४२ मध्ये ते उपसून जमीन कोरडी करण्यात आली.